बेसबॉलची पंगत

आमच्या आठ जणांपैकी एकानेही आजवर बेसबॉलची बॅट हातात धरलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंड वर करून विचारायला नको. तरीही दर वर्षी मार्च संपत आला की मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही जेवायला जमतो आणि अमेरिकेतले खेळाडू आपसात वाटून घेतो, जणू काही ते आमच्या काकाच्या बागेतले आंबेच. प्रत्येकाचा एक कागदी संघ. संघातले खेळाडू तिकडे खऱ्या सामन्यांत जसे खेळतील तसे इकडे आपल्याला गुण. त्यांचे सामने संपतात तेव्हा आपल्याकडे सकाळ झालेली असते. त्यामुळे सहा महिने रोज चहाबरोबर फोन उघडायचा आणि कोणाच्या तरी नावाने बोटं मोडायची, असा आमचा खेळ.

हे खूळ आमचं नव्हे. मस्कतच्या गाला भागात पंपदुरुस्तीचं एक वर्कशॉप आहे, तिथे माझा नवरा रमण काम करतो. तिथे पूर्वी वॉल्टर नावाचा अमेरिकन साहेब होता. त्याला हा खेळ खेळायला सात माणसं हवी होती आणि त्याच्या हाताखाली सात माणसं होती. विषय संपला. साहेब पुढे आपल्या देशी निघून गेला, पण तोपर्यंत आमच्या कोकणातल्या माणसांना चटक लागली होती. खेळाडूंची नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून यांनी त्यांची बारशी केली. एक लुकडा बोंबील, एक गोल पिंप, एक सदा चिडलेला तहसीलदार. अमेरिकेत त्या बिचाऱ्यांना याचा पत्ता नाही.

साहेब गेल्यावर लीग सांभाळली ती हुसैनमियाँनी. हुसैनमियाँ म्हणजे वर्कशॉपमधले लेथवरचे फोरमन, मूळचे बाणकोटचे. मला यात ओढलं तेही त्यांनीच. मी लग्न होऊन नवी आले होते आणि रमण कामासाठी आठवडेच्या आठवडे वाळवंटातल्या साइटवर असायचा. मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीचे एसी मोजायची. त्या वर्षी एकाचा व्हिसा संपून तो गावी गेला, तेव्हा हुसैनमियाँ बायकोला घेऊन आमच्या दारात आले.

"विशाखाबाय, एक जागा खाली हाय," ते म्हणाले.

"पण मला त्यातलं काहीच येत नाही. काय करायचं असतं?"

"काय नाय. सकाली उठून भांडायचा."

माझ्यासारख्या बाईला भांडायला माणूस नसणं म्हणजे जेवणात मीठ नसणं. मी लगेच हो म्हटलं. पहिल्याच वर्षी मी सगळे चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर, गोळा केले. आपल्याकडे चांगला बोलर रोज बोलिंग टाकतो, तसंच असणार अशी माझी समजूत. तिकडे मुख्य पिचर एकदा खेळला की चार-पाच दिवस विश्रांती घेतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हुसैनमियाँना फोन करून झापलं, "तुमचे हे अमेरिकन कामावर येतात की नुसत्या रजाच टाकतात?" ते इतके हसले, की फोन त्यांच्या हातून पडला.

आणखी एक सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या पूर्वाच्या जन्माच्या वेळेस माझ्या पोटात दुखायला लागलं तेव्हा रमण वाळवंटातच होता. वर्कशॉपच्या पिकअपमधून मला हॉस्पिटलात नेलं ते हुसैनमियाँनी. त्यांची बायको सफूराभाभी तेव्हा इथेच होत्या. त्या माझा हात धरून आत, आणि हुसैनमियाँ बाहेर बाकावर. बाहेर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या फोनवरून माझा संघही लावून दिला, कारण त्या दिवशी बदल केला नसता तर माझे गुण बुडाले असते. त्या आठवड्यात माझी लढत त्यांच्याशीच होती. मी जिंकले. अशी माणसं देवाने माझ्या वाट्याला दिली, याचा हिशेब मला आजही लागत नाही आणि लावायचाही नाही.

तर हेच हुसैनमियाँ गेल्या डिसेंबरात लेथपुढे उभे असताना कोसळले. जीव वाचला, पण उजवा हात अधू झाला आणि वाचा गेली. तोंडातून काहीतरी निघायचं, पण शब्द व्हायचा नाही. सफूराभाभी गावाहून धावत आल्या. बकरी ईद झाली की त्यांना कायमचं बाणकोटला घेऊन जायचं ठरलं. इथे नोकरीला असलेला त्यांचा मुलगा आदिल मागे राहणार होता. आम्ही आळीपाळीने भेटायला जायचो आणि त्यांच्या खोलीत शिरताना सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. मी, जिचा आवाज तळमजल्यावरच्या वॉचमनला ऐकू जातो, तीसुद्धा त्यांच्याशी देवळात बोलावं तशी बोलायला लागले. ते माझ्याकडे बघायचे आणि मान भिंतीकडे वळवायचे.

लीगची व्यवस्था आता माझ्या गळ्यात पडली होती. पाडव्याच्या तयारीत होते, तेव्हा आदिलचा फोन आला.

"काकी, या वर्षी अब्बांना सोडा ना. रुसैलच्या गोदामातला तो गजेंद्र किती वर्षं वेटिंगवर आहे. त्याला द्या त्यांची टीम."

"का? त्यांनी सांगितलं का तसं?"

"ते काय सांगणार, काकी? तुमचा रूल आहे ना, ज्याची टीम त्यानेच नाव बोलायचं, तीन टाळ्या वाजायच्या आत. ते नाव शोधत बसणार आणि तुम्ही सगळे खाली बघणार. मला नाही बघवणार ते. आणि खरं सांगू? त्यांना आता कितपत कळतं, मलाच माहीत नाही. डॉक्टर बोलतात सगळं समजतंय. मला कधी वाटतं समजतंय, कधी नाही वाटत."

मागून सफूराभाभींचा आवाज आला. "याना सगला समाजतंय गो, विशाखा. खाली जीभ आडते."

आदिलचं खोटं नव्हतं. बापाची शोभा होऊ नये एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, "आदिल, एक संधी दे. त्यांना स्वतःला निवडता आलं नाही, असं मला दिसलं, तर मी तिथल्या तिथे गजेंद्रला जागा देते. शब्द देते तुला."

शब्द देऊन बसले आणि मग डोक्याला हात लावला. रमण म्हणाला, "सोपं आहे. त्यांच्यापुरता नियम सैल कर. त्यांनी बोट दाखवलं तरी चालेल म्हण." मी त्याच्यावर उखडले. लहानपणी खेळात एखाद्या शेंबड्या पोराला घेतात, तो आऊट झाला तरी आऊट धरत नाहीत, त्याला लिंबूटिंबू म्हणतात. मला हुसैनमियाँना लिंबूटिंबू करायचं नव्हतं. त्यांनी ते लगेच ओळखलं असतं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं.

मार्ग सुचला तो श्रीखंडासाठी चक्का टांगताना. आमच्या वाटणीची, म्हणजे ड्राफ्टची, एक रीत आहे. पहिल्या फेरीत पहिल्यापासून आठव्यापर्यंत जायचं आणि दुसऱ्या फेरीत आठव्यापासून मागे यायचं, म्हणजे शेवटच्याच्या नशिबी कायम खरवड येत नाही. हुसैनमियाँनी पहिल्या वर्षीच त्याला नाव दिलं होतं, पंगत. दोन्ही टोकांकडून वाढायचं ते. मला वाटलं, म्हणायला पंगतच आहे, तर पंगतच का घालू नये? पंगतीत कुठे कोणाला ओरडून भात मागावा लागतो?

मी सगळ्यांना कळवून टाकलं. यंदा खेळाडूंच्या चिठ्ठ्या परातीत घालून मी वाढणार. प्रत्येक फेरी म्हणजे एक पदार्थ. एकदा पिचर, एकदा झेल घेणारे, एकदा लांब टोलवणारे. ज्याच्यापुढे परात येईल त्याने हवी ती चिठ्ठी उचलून आपल्या ताटात ठेवायची. आणि वाढप चालू असताना जो बोलेल, त्याची ती पाळी गेली.

स्वरूपचा लगेच फोन. हा वर्कशॉपमधला आमचा सगळ्यात तरुण आणि सगळ्यात बडबड्या गडी. "विशाखाताई, ओरडल्याशिवाय ड्राफ्ट? मग मजा काय राहिली?"

"मजा पाहिजे तर रुवीला जाऊन सिनेमा बघ," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज उरकून हुसैनमियाँ आले. सफूराभाभींच्या हातात सांदणांचा डबा, आदिल वडिलांच्या काखेत हात घालून. हुसैनमियाँना खाली बसता येत नव्हतं, म्हणून मी आठही जणांना भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकाच्या मांडीवर स्टीलचं एकेक ताट दिलं. फोन गोळा करून प्रेशर कुकरमध्ये टाकले आणि झाकण घट्ट लावलं, कारण ताटाखालून गुपचूप शोधाशोध करणारे महाभाग आमच्यात कमी नाहीत. क्रमाच्या चिठ्ठ्या काढल्या, तर हुसैनमियाँचा पहिला नंबर आणि माझा दुसरा. पहिला नंबर म्हणजे लॉटरीच. मला मनातून फार बरं वाटलं. वाटलं, चला, देवानेही आज आपल्या बाजूने कौल दिला.

पहिला पदार्थ पिचर. यंदा सगळ्यात भारी पिचर कोण, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. उंच, सरळसोट, वरून चेंडू टाकणारा. त्याला आम्ही माड म्हणायचो. पहिला नंबर आला की डोळे मिटून माड उचलायचा, यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं.

मी परात हुसैनमियाँच्या पुढे धरली. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा उचलला. पंगतीत डावा हात पुढे करायचा नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. हात थरथरत परातीवर आला. हात माडाच्या चिठ्ठीवर आला, थांबला, पुढे सरकला. दुसऱ्या चिठ्ठीवर गेला. तिसऱ्या. मग त्यांची बोटं एका अगदी मधल्या दर्जाच्या पिचरवर टेकली. ना धड चांगला, ना धड वाईट, आम्ही त्याला साधं टोपणनावही दिलं नव्हतं.

मला वाटलं, चुकून झालं असेल. मी परात हलकेच हलवली आणि माडाची चिठ्ठी सरकत त्यांच्या बोटांशी येईल असं केलं. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो बिननावाचा पिचर उचलून ताटात ठेवला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. स्टोअरमधले भिकाजी आपल्या चपलांकडे बघायला लागले. आदिल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

पाळी माझी होती. माड माझ्याच परातीत, माझ्याच हातात. मला वाईट वाटलं. पण सोडला नाही. माड उचलून माझ्या ताटात ठेवला आणि पुढे सरकले.

फेरी संपल्यावर परात भरायला आत गेले, तर आदिल ओट्याला टेकून उभा.

"बघितलंत ना, काकी? त्यांना माड ओळखता नाही आला. गेल्या वर्षी ते त्याच्यासाठी तुमच्याशी दोन दिवस भांडले होते. खलास करू या आता. मी त्यांना घरी नेतो. तुम्ही शब्द दिला होता."

मी दिला होता. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायला लागलं होतं. आपण आपल्या समाधानासाठी या माणसाला खुर्चीत बसवून ठेवलंय आणि त्याला पुढ्यातलं कळत नाहीये. पण बाहेर डोकावून पाहिलं, तर हुसैनमियाँ ताट सरळ करून पुढच्या वाढपाची वाट बघत बसले होते, इतरांसारखेच.

"आदिल, पंगतीतून माणसाला उठवत नाहीत," मी म्हटलं. "त्यांना सगळी वाढपं घेऊ दे. मग तू म्हणशील तसं. गजेंद्रला मी स्वतः फोन करते."

मी परात भरून बाहेर आले.

पुढच्या फेऱ्या शांतपणे चालल्या, म्हणजे आमच्या मानाने शांतपणे. रमण एका खेळाडूवर स्वरूपने हात मारलेला बघून "अरे!" म्हणाला आणि त्याची पाळी गेली. नवरा म्हणून सवलत नाही. स्वरूप तोंडावर हात दाबून लालबुंद झाला होता. बाकीचे खुणा करायचे, दात-ओठ खायचे, पाय आपटायचे. न बोलता खेळायची सवय असलेला माणूस त्या खोलीत एकच होता. त्यांचा हात प्रत्येक वेळी सावकाश यायचा, सावकाश जायचा. त्यांची निवड बरी की वाईट, हे बघायचं मी सोडून दिलं. मला फक्त एवढंच वाटत होतं, की हा हात अजून काही वेळ असाच पुढे येत राहू दे.

शेवटचं वाढप झालं. ताटं भरली. मी कुकरचं झाकण उघडलं आणि फोन ज्याचे त्याला वाटले. आदिल माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. आता गजेंद्रला फोन करायचा, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात स्वरूपने फोनवरून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला हसावं की रडावं कळत नाहीये, असं दिसत होतं.

"विशाखाताई, तुमचा माड पडला."

"काय झालं?"

"कोपराचं ऑपरेशन. पूर्ण सीझन बाहेर. आज पहाटेची बातमी आहे."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. माझी मान आपोआप हुसैनमियाँकडे वळली. ते ताटाकडे बघत अगदी गरीब चेहरा करून बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते. पोट हलत होतं. मांडीवरचं ताट वाजायला लागलं.

"या अल्ला," सफूराभाभी म्हणाल्या. "हां, म्हणून काय ते! सकाली नमाज पढून फोन बघत बसले नि एकलेच हसायला लागले. मना वाटला, डोक्याला परत काय झाला. मी घाबरून पाणी दिला."

म्हणजे या माणसाला सकाळपासून माहीत होतं. आम्ही सात जण चिठ्ठ्या, श्रीखंड, खुर्च्या करत बसलो आणि यांनी आपला अभ्यास पुरा करून, तोंड बंद ठेवून, मला मजेत खड्ड्यात जाऊ दिलं.

माझं डोकं फिरलं. "हुसैनमियाँ, लाज नाही वाटत?" मी अशी ओरडले, की भिकाजींच्या ताटातल्या चिठ्ठ्या सांडल्या. "मी परात हलवली तुमच्यापुढे. माड उचलून तुमच्या बोटांशी आणून ठेवला, बिचाऱ्यांचं चुकलं असेल म्हणून. एक डोळा मिचकावता आला नाही तुम्हाला? बघत बसलात, ही बया कशी हावरटासारखी उचलते ते! सणासुदीचं माझ्या घरात येऊन, माझ्या खुर्चीवर बसून, मला फसवलंत? बाणकोटच्या खाडीत नेऊन बुडवलं पाहिजे तुम्हाला, बोटीसकट!"

आणखीही बरंच बोलले असते, पण एकदम जाणवलं, की खोलीत माझ्याशिवाय कोणाचाच आवाज नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सफूराभाभींनी पदर तोंडाला लावला होता. आदिल दारातच मटकन खाली बसला होता आणि बापाकडे असा बघत होता, जणू तो माणूस आत्ताच विमानातून उतरून आलाय. मला आठवलं, या माणसाला अर्धांगवायू झालाय. डिसेंबरपासून या माणसाशी कोणी चढ्या आवाजात बोललेलं नाही. डॉक्टरांनी त्रास द्यायचा नाही म्हणून सांगितलंय.

मी घाईघाईने आवाज खाली आणला. "पाणी देऊ का तुम्हाला?" असं काहीतरी, त्या देवळातल्या आवाजात, पुटपुटले.

हुसैनमियाँचं हसू थांबलं. कपाळावर आठी आली. त्यांनी मांडीवरचा उजवा हात उचलला, फार सावकाश, पण यावेळी मी परात पुढे धरायला गेले नाही. तो हात माझ्या दिशेने वळला आणि चार बोटं जवळ घेत त्यांनी मला खूण केली, पंगतीत बसलेला माणूस वाढप्याला करतो ती. आणखी वाढ.

मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायचंही सुचलं नाही. मी कमरेवर हात ठेवले, मोठा श्वास घेतला आणि तळमजल्यावरच्या वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.